व्यापारी विद्यार्थ्यांचा भ्रातृसंघ

दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून रात्री वर्गात बसणारा विद्यार्थी आपल्याकडे दुर्मिळ नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० साली वाणिज्य, हिशेब व अर्थव्यवहार यांचे जे विद्यालय काढले, ते अशाच नोकरदारांच्या बळावर उभे राहिले. त्या राज्यात १८९६ साली हिशेबतपासनिसांचा कायदा झाला होता आणि त्या परीक्षेसाठी पद्धतशीर शिक्षणाची निकड भासू लागली होती.

रात्रीचे वर्ग सुटले की ब्रुकलिनचे चार विद्यार्थी पुलावरून एकत्र घरी परतत. त्यांच्या या सोबतीतूनच ५ ऑक्टोबर १९०४ रोजी 'आल्फा कॅपा साय' हा भ्रातृसंघ जन्मास आला. ग्रीक अक्षरांची नावे घेणारी असली मंडळे अमेरिकेत पूर्वीपासूनच होती. परंतु ती बहुधा वसतिगृहात राहणाऱ्या सवडवान तरुणांची. येथे मात्र धंदा हाच बंधुत्वाचा पाया ठरला. तीनच वर्षांनी, १९०७ साली, त्याच विद्यालयात 'डेल्टा सिग्मा पाय' हा दुसरा संघ निघाला. व्यापाराच्या विद्यार्थ्यांत बंधुभावालाही स्पर्धा असावयाचीच!

अशा संघांचे आयुष्य मोठे नाजूक असते. विद्यार्थी महाविद्यालयात असतो चार वर्षे. जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना तयार केले नाही, तर शाखा दोन-तीन वर्षांत केवळ कागदावर उरते. दुसऱ्या महायुद्धात तर सभासदच रणांगणावर गेले. पुढे १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणखर्चाची सोय केली. १९४७ साली महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. ओस पडलेल्या शाखांत या प्रौढ मंडळींनी पुन्हा जीव ओतला.

खरी कसोटी पुढेच होती. सुमारे सत्तर वर्षे या संघाचे दार स्त्रियांना बंद होते. त्यांनी १९२४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 'फाय गॅमा न्यू' हा स्वतःचा संघ काढला होता. १९७२ साली शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणारा कायदा झाला. दोन वर्षांनी त्यातून सामाजिक स्वरूपाचे भ्रातृसंघ वगळण्यात आले, व्यावसायिक संघ मात्र वगळले नाहीत. आणि ते न्याय्यच होते. जो संघ धंद्यातील ओळखी जुळवून देतो, त्याचे दार लावणे म्हणजे धंद्याचेच दार लावणे. 'डेल्टा सिग्मा पाय'ने १९७५ साली व 'आल्फा कॅपा साय'ने १९७६ साली स्त्रियांना प्रवेश दिला.

हे कायद्याच्या रेट्याने घडले, हे खरे. तथापि तो रेटा संघांच्या पथ्यावरच पडला. १९७१ साली अमेरिकेत व्यापारविषयक पदवी घेणाऱ्या १०० विद्यार्थ्यांत सुमारे ९ स्त्रिया होत्या. १९८० साली त्या ३३ च्या वर गेल्या. त्यांना बाहेर ठेवून शाखा भरल्या असत्या कोठून?

बंद पडलेली शाखा आजही नवे विद्यार्थी जुन्याच नावाने पुन्हा उभी करू शकतात. आणि त्या शाखेतील स्त्री सभासदालाही तेथे 'बंधू' असेच म्हणतात.