तिसऱ्या महिन्यात दार कोण वाजवणार?

आजचा विषय जरा जड आहे. पण तो आपल्या वयाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

समजा, आपल्या मिरजगावातला एक मुलगा आहे. वय 19. गेले दोन-तीन महिने रात्र-रात्र जागतो. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. 'माझ्या फोनमधून लोक माझं बोलणं ऐकतायत' असं म्हणतो. खोलीत कुणी नसताना कुणालातरी उत्तर देतो. मी समजा म्हणून सांगतोय, पण तुमच्यापैकी काहींना आत्ता एखादा चेहरा आठवला असेल.

घरात काय होतं? आजी म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे. चुलते म्हणतात, मोबाइलनं बिघडवलाय. पाहुणे म्हणतात, लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर. या सगळ्यात महिने निघून जातात.

या अवस्थेला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. म्हणजे खरं काय आणि भास काय, यातली रेघ पुसली जाते. बहुतेकांना हा त्रास ऐन तारुण्यात सुरू होतो. उपचार जितके लवकर, तितकी शिक्षण, काम, मैत्री वाचण्याची शक्यता जास्त. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये 1992 साली खास अशा तरुणांसाठी वेगळी सेवा सुरू झाली. इंग्लंडनं 2016 मध्ये नियम केला, की निम्म्याहून जास्त लोकांना दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत. आपल्याकडे दोन आठवडे तर देवऋषी कोणता गाठायचा, हे ठरवण्यातच जातात.

पण मला आज दुसरंच सांगायचंय. समजा, पोरगा डॉक्टरपर्यंत पोचला. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात झोप लागली, आवाज कमी झाले. घरचे म्हणाले, चला, सुटलो. खरा धोका इथून सुरू होतो.

गोळीनं सुस्ती येते, वजन वाढतं. दवाखान्यात जायचं म्हणजे वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडतो, शिवाय एसटीचं भाडं. आणि बरं वाटतंय तर गोळी कशाला? तिसऱ्या महिन्यात गोळी बंद होते. पहिल्या झटक्यानंतर साधारण एक ते दोन वर्षं तरी उपचार चालू ठेवावे लागतात, हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. आणि तो आला नाही, हे दवाखान्यात कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून एकटा डॉक्टर पुरत नाही, टीम लागते. टीम म्हणजे मोठी इमारत नाही. टीम म्हणजे एक यादी, आणि यादीतल्या प्रत्येक नावासमोर एका माणसाचं नाव. यादीतला कुणी ठरलेल्या तारखेला आला नाही, तर त्या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाणार, हे आधीच ठरलेलं. टीम चालवणाऱ्याचं मुख्य काम हेच.

हे आपल्याकडे जमतं का? गोवा, सातारा आणि तमिळनाडू इथं एक मोठा अभ्यास झाला, 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. स्किझोफ्रेनियाचे 282 रुग्ण होते. 187 जणांना दवाखान्यासोबत गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची घरपोच साथ मिळाली, 95 जणांना फक्त दवाखाना. वर्षभरानं साथ मिळालेल्यांची लक्षणं आणि रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झाली होती. फरक माफक होता, चमत्कार नव्हता. हे रुग्ण बरेचसे जुने होते, हेही सांगायला हवं. पण दहावी-बारावी शिकलेला माणूस हे काम करू शकतो, हे दिसलं.

आणि लांब कशाला जायचं? शेजारच्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून फारसं न शिकलेल्या बायकांना गावाची आरोग्यसेविका बनवलं. त्यांचं गमक ठाऊक आहे? एकदाच ट्रेनिंग देऊन सोडून दिलं नाही. बायका पुन्हा पुन्हा एकत्र यायच्या, अडचणी मांडायच्या, शिकायच्या. मानसिक आरोग्याच्या टीमलाही हेच लागतं. दर आठवड्याला बैठक. कोण अडकलंय, कोणाच्या घरी वाद झाला. आणि रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकून स्वतः कोण थकलंय, हेही विचारायचं.

अजून एक. गावात बातमी वाऱ्यासारखी पसरते. त्यामुळे सरकारी गाडी थेट दारात उभी करायची नाही. पोरगा म्हणेल तिथं भेटायचं, शेतात, टपरीवर, कुठंही. विश्वास बसला तरच तो सांगेल, की गोळी बंद केलीये.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, गावात आशाताई आहेत. पण जिल्ह्यात तालुके 14. यादी आणि दार यांच्यामधलं अंतर भरायला आणखी माणसं लागतील, ती मागायला हवीत. ग्रामसभेत हा विषय कधी निघालाय का, सांगा बरं!

आणि आपण काय करायचं? मित्र बदललाय असं वाटलं तर चिडवू नका. त्याच्या भासांवर वाद घालू नका. 'झोप होतेय का रे?' एवढं विचारा. कुणी साखळीनं बांधत असेल, भूत उतरवायला मारत असेल, तर ते कायद्यानं बंद आहे, गप्प बसू नका. टेली-मानस, नंबर 14416, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीतून बोलता येतं. आत्ताच सेव्ह करून ठेवा.

आणि तो बरा झाल्यावरही तिसऱ्या महिन्यात त्याचं दार वाजवा. चहाला बोलवा. बाकी काही बोललं नाही तरी चालेल. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!