आधी यादी, मग मृत्युपत्र

फर्दापूर-सोयगाव भागातल्या साध्या शेतकरी घराची मालमत्ता लिहायला बसलं, तर वहीचं एक पान पुरेल. दोन-तीन एकर कपाशी-मक्याचं रान, गावठाणातलं घर, बँकेतलं खातं, पोस्टातली ठेव, एखादा विमा, कुणाचं अजिंठ्याच्या टी पॉइंटवर दुकान, आणि सोसायटीचं कर्ज. तरीही मृत्युपत्राचा विषय निघाला की वकील, कोर्ट, स्टॅम्प सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं आणि विषय मागे पडतो. माझ्या मते काम अवघड नाही. आपण ते नको त्या टोकाला धरतो. कुणाला काय द्यायचं, हा सगळ्यात नाजूक प्रश्न आपण पहिला घेतो. आधी घ्यायचा प्रश्न वेगळा आहे: आपल्याकडे आहे काय? गट नंबर, खाते नंबर, पॉलिसी नंबर, देणं-घेणं, कोणता कागद कुठल्या पेटीत. यात कुणाशी वाद नाही, खर्च नाही.

एवढंही होत नाही, याचा पुरावा आपल्या सातबाऱ्यावरच असतो. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं १९६६ चा महसूल कायदा सांगतो. पण आजोबांचं नाव नातवाच्या काळातही तसंच राहतं. म्हणूनच २०२५ साली शासनाला ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढावी लागली. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची नावं-पत्ते दिले की वारस नोंदीचा अर्ज होतो. तो राहिला, की पीककर्ज आणि अतिवृष्टीचं अनुदान नेमकं गरजेच्या वेळी अडतं.

यावर काही जण म्हणतात, खात्याला नॉमिनी लावलाय, आता काळजी कसली? ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात कुटुंबातला असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ नॉमिनी आहे म्हणून मालक होत नाही. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. बँकेच्या ठेवीचंही तसंच आहे. नॉमिनी जरूर लावावा, पैसे लवकर हाती येतात, पण त्याने वाटणी होत नाही.

दुसरा आक्षेप खोल आहे: जिवंतपणी वाटण्या लिहिल्या तर भावाभावांत आत्ताच फाटेल. ही भीती खोटी नाही. पण मृत्युपत्र म्हणजे वाटणीपत्र नव्हे. ते माणसाच्या पश्चात लागू होतं, कधीही बदलता येतं, आणि आत काय लिहिलंय ते कुणाला दाखवायची सक्ती नाही. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. समक्ष सही करणारे दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते वाटा मिळणाऱ्यांपैकी नसलेले बरे. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःचा हिस्सा लिहिता येतो. मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही, म्हणून तिथे यादीचं मोल आणखी मोठं.

‘मुलं बघून घेतील’ असं म्हणणाऱ्यांनी घरातल्या बाईचा हिशेब करून पाहावा. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. दोन मुलं, दोन मुली आणि आई असेल, तर बायकोच्या वाट्याला राहत्या घराचा सहावा हिस्सा येतो. उरलेल्या पाच हिश्श्यांसाठी तिने कुणाकुणाच्या हक्कसोडपत्राची वाट पाहायची? घर स्वकष्टाचं असेल, तर ते माझ्या पश्चात पत्नीच्या मालकीचं राहील, एवढं एक वाक्य लिहून, सही करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी तिला ही वाट पाहावी लागत नाही. बाकीच्या जमिनीचा निर्णय पुढच्या वर्षी झाला तरी चालेल.