‘पॉश’ : आद्याक्षरांची कहाणी आणि छापील नोंद

‘पॉश वस्ती’, ‘पॉश हॉटेल’ अशा प्रयोगांतून मराठीत रुळलेला ‘पॉश’ हा इंग्रजी शब्द श्रीमंती थाट दाखवतो. इंग्लंडात मात्र तो उच्चवर्गीय बोलण्याच्या ढबीलाही लावतात. त्याच्या उगमाची कहाणी अशी की, ‘पी अँड ओ’ कंपनीच्या बोटीने मुंबईला येताना डावीकडची, म्हणजे ‘पोर्ट’ बाजूची, आणि परतताना उजवीकडची, म्हणजे ‘स्टारबोर्ड’ बाजूची खोली उन्हापासून बचावलेली असे, म्हणून धनिकांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे छापली जात. असे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.

घराण्यात पैसा आला की कुणीतरी त्याला थोर मूळपुरुष जोडून देतो, तशीच ही कहाणी आहे. पण वंशावळ खरी ठरते ती तीर्थोपाध्यायाच्या वहीत जुनी नोंद निघाली तर, आणि शब्दाच्या बाबतीत ही वही म्हणजे तारीखवार छापील उल्लेख होत. त्या वहीत 1890 च्या एका बोलभाषा-कोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकी माणूस अशी नोंद आहे, विशेषण म्हणून तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ होताना दिसतो, आणि बोटीची कहाणी छापील स्वरूपात येते ती 1935 च्या सुमारास. म्हणजे शब्द आधी जन्मला, मूळपुरुष मागाहून आला. शिवाय आद्याक्षरे जुळवून शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत विसाव्या शतकापूर्वी विरळच होती. कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या भारतीय कायद्याला ‘पॉश’ म्हणतात, तेथे आद्याक्षरे खरोखरच आहेत. त्यावरून जुन्या शब्दाची कुळी ठरवणे मात्र चुकीचे आहे.

दुसरे अनुमान रोमानी, म्हणजे युरोपातील भटक्या रोमा समाजाच्या भाषेकडे जाते. तीत या शब्दाचा अर्थ ‘अर्धा’ असून, अर्ध्या पेनीच्या नाण्यावरून तो चोरट्यांच्या बोलीत पैशाला लावला गेला आणि पैशावरून थाटाला, असे काही अभ्यासक मानतात. रोमानी ही मराठीप्रमाणेच भारतीय आर्य कुळातली भाषा असल्याने हे अनुमान मोहक वाटते. पण मोहक वाटणे ही वहीतली नोंद नव्हे, आणि नेमका हाच मुद्दा श्रोत्यांच्या कानांवरून निसटतो, म्हणून तो पुन्हा सांगणे भाग आहे. पैशापासून थाटापर्यंतचा दुवा अजून पुराव्याने जोडला गेलेला नाही. कोशकार ‘उगम अनिश्चित’ असे लिहितात, ते याच कारणाने.