सर्वांची सायकल

श्रोतेहो, तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. दुकानदार वहीत नाव लिहून घेई. अनामत क्वचितच मागे. कारण तुम्ही कोणाचे चिरंजीव, हे त्याला ठाऊक असे. त्या ओळखीच्या जोरावर सायकल संध्याकाळी परत येई. आता, जिथे कोणी कोणाला ओळखत नाही अशा मोठ्या शहरात हा व्यवहार कसा चालावा?

हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरी १९६५ साली ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुण मंडळींनी याचे अगदी सरळ उत्तर दिले. त्यांनी काही सायकली पांढऱ्या रंगविल्या आणि कुलपाशिवाय रस्त्यावर ठेवल्या. हवी त्याने न्यावी, काम झाले की सोडून द्यावी! पण सायकलीला कुलूप हवे असा तेथे नियम होता. तेव्हा पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. नगरपालिकेनेही ही योजना पत्करली नाही.

पुढे १९९५ मध्ये कोपनहेगनने तोड काढली. नाणे टाकले की सायकल सुटे, जागेवर लावली की नाणे परत मिळे. परंतु सायकल नेली कोणी, हे नाण्याला कसे कळावे? चोऱ्या होतच राहिल्या.

पॅरिसने २००७ साली सुमारे दहा हजार सायकली मांडल्या, त्या घेणाऱ्याची नोंद ठेवून. तरीही पहिल्या काही वर्षांत हजारो चोरीस गेल्या, हजारो मोडल्या. शिवाय एक गंमत झाली. माँमार्त्रच्या टेकडीवरून लोक सायकलीने झरझर उतरत. चढताना मात्र सायकल कोणी घेईना! वरचे तळ रिकामे, खालचे भरलेले. मग मोटारीत घालून सायकली वर पोचवाव्या लागल्या. वर सायकल नेणाऱ्यास जादा मिनिटांची सवलतही देण्यात आली.

आपल्या पुण्यातही २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात व औंध भागात अशा सायकली आल्या. मोबाईलवर कुलूप उघडे. पण चोरी आणि मोडतोड यांच्या तक्रारी झाल्या, आणि थोड्याच काळात बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

मग ही कल्पनाच खोटी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. पॅरिसची योजना अडखळत का होईना, चालू राहिली. कारण तिथे दुरुस्तीला कारागीर आहेत, सायकली हलवायला माणसे आहेत. भाड्याच्या दुकानात हेच काम तो एकटा दुकानदार करीत असे. आपण सार्वजनिक वस्तू थाटात आणतो, हार घालतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे पाहायचे कोणी, हे ठरवायचे विसरतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेची पेटी-तबला असो, पुस्तकांचे कपाट असो, की गावचा हातपंप. त्याची देखभाल आज कोणाकडे आहे, एवढे मुलांना विचारून पाहा. नाव सांगता आले नाही, तर ते उद्याच नेमून टाका.