दहावी ‘ब’चे शेलापागोटे

शाळेच्या निरोप समारंभात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. मुख्याध्यापकांचं भाषण, बटाटेवडा आणि फिशपॉन्ड. पहिलं कोणाला आठवत नाही, दुसरा सगळ्यांना पुरत नाही आणि तिसरं जन्मभर पुरतं.

ज्यांच्या शाळेत ही पद्धत नव्हती, त्यांच्यासाठी सांगतो. समारंभाच्या आधी आठवडाभर वर्गात एक खोका ठेवायचा. आमचा चपलांचा होता, वर ब्लेडनं फट पाडलेली. ज्याला ज्याच्याविषयी जे सुचेल ते त्यानं शंभर पानी वहीच्या कागदावर एका ओळीत लिहायचं आणि खाली स्वतःचं नाव न घालता फटीतून आत सोडायचं. मग समारंभात एकेक चिठ्ठी काढून वाचायची. ज्याच्यावर असेल त्यानं उभं राहून ऐकायचं. इंग्रजी जत्रांमध्ये मुलं गळ टाकून पुडकी काढतात, तो खेळ आणि त्याचं नाव आपल्याकडे असं कागदावर आलं. मराठीत याला शेलापागोटे म्हणतात, आणि मला हा शब्द जास्त आवडतो. शेला आणि पागोटं म्हणजे मानाची वस्त्रं. ती द्यायची, पण अशी की नेसणाऱ्याला जरा टोचली पाहिजेत.

मी सांगतो आहे ती बॅच १९८३ ची. दहावीची परीक्षा तेव्हा तशी नवीनच होती. १९७५ पर्यंत अकरावीला मॅट्रिक म्हणत, आणि आमच्या घरातली वडील माणसं आम्हालाही मॅट्रिकच म्हणायची. शाळा लालबाग-परळच्या मधली, मराठी माध्यमाची. वर्गात बावन्न जण. एकतीस मुलगे, एकवीस मुली. चिठ्ठ्या निवडायला पाच जणांची समिती होती, त्यात मी एक. समितीवर वर्गशिक्षिका बाई.

बाईंचा नियम एकच. माणूस जे करतो त्यावर लिहा, तो जसा जन्मला त्यावर नको. उंची, रंग, चष्मा, तोतरेपणा, बापाचा धंदा, आडनाव, सगळं बाद. खोका उघडला तेव्हा पहिल्या दिवशीच निम्म्या चिठ्ठ्या या चाळणीत अडकल्या. बाई त्या ढिगाला ‘गाळ’ म्हणायच्या आणि घरी घेऊन जायच्या. त्याचं पुढे काय करत, कोणी विचारायची छाती केली नाही.

आता आमची एकेक वल्ली बघा. पहिला मान ‘अपेक्षित’चा. मार्चच्या परीक्षेत कोणता प्रश्न येणार हे त्याला नोव्हेंबरात कळलेलं असायचं. तो गाईडमध्ये खुणा करायचा. एक फुली म्हणजे शक्यता, दोन फुल्या म्हणजे खात्री, तीन फुल्या म्हणजे नाही आला तर माझं नाव बदला. दहा प्रश्नांतले तीन यायचे. त्या तिघांविषयी तो महिनाभर बोलायचा आणि उरलेल्या सातांना म्हणायचा, ‘पेपर सेट करणाऱ्याचं चुकलं.’ त्याची चिठ्ठी होती, ‘याचं नाव आतापर्यंत सत्तावीस वेळा बदललं आहे.’ पुढे तो हवामान खात्यात लागला असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, जुळवून आणलं. तो पोस्टात लागला.

दुसरी ‘आकाशवाणी’. शिक्षकांच्या खोलीत शिजणारी बातमी बाहेर यायच्या आत तिच्याकडे असायची. कोणते सर रजेवर आहेत, चाचणी कधी आहे, कोणाच्या वडिलांना बोलावणं गेलं. ती बातम्या ठराविक वेळीच द्यायची, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, आणि आधी ठळक बातम्या सांगून मग तपशिलाकडे वळायची. तिच्या चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं, ‘हे केंद्र रात्रीही बंद होत नाही.’ या स्टुडिओत बसून हे सांगताना मला जरा धास्ती वाटते आहे, ती नक्की ऐकत असणार.

प्रत्येक पेपरानंतर ‘मी नापास होणार’ म्हणून रडणारी आणि शंभरात पंच्याण्णव काढणारी एक मुलगी तुमच्याही वर्गात होती, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. आमच्याकडे तिला ‘नळाचं पाणी’ म्हणत. ठरल्या वेळी येणार आणि अर्ध्या तासात जाणार.

उशिरा येणाऱ्या मुलाविषयी मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याच्या उशिराला इतिहास आहे. आमची सकाळची शाळा. आमच्या भागात घड्याळ घरोघरी असलं तरी त्याच्याकडे बघायचं कोणी नाही. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की वडील डबा घेऊन पहिल्या पाळीला बाहेर पडायचे, त्यांच्या पाठोपाठ आम्ही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आमचे भोंगे गप्प झाले. त्या आठवड्यात अर्धी शाळा उशिरा आली. हळूहळू बाकीच्यांनी गजराची घड्याळं लावली. या गड्यानं लावलं नाही. वर्षभर तो सरांना शांतपणे सांगत राहिला, ‘सर, भोंगाच झाला नाही.’

त्याची चिठ्ठी अशी, ‘संप मिटो न मिटो, याची पाळी दुसऱ्या तासापासून.’ समितीत यावर अर्धा तास वाद झाला. संपाला तेरावा महिना लागला होता. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील घरी बसलेले, कोणी गावी निघून गेलेले, कोणी नाक्यावर भाजी घेऊन बसलेले. अशात संपावर विनोद करायचा का? बाई म्हणाल्या, ‘विनोद संपावर नाही, त्याच्या झोपेवर आहे. वाचा.’ वाचली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले ते याच मुलांमधले.

आता ‘हप्ता’. मधल्या सुट्टीत हा डबा घेऊन एका जागी बसायचा नाही. एकेका बाकाशी जाऊन एकेक घास उचलायचा, म्हणून हे नाव. कोणाकडे कोणत्या वारी काय असतं हे त्याला तोंडपाठ. मंगळवारी वांग्याचं भरीत खिडकीकडच्या रांगेत, गुरुवारी शिकरण मुलींच्या दुसऱ्या बाकावर, शनिवारी उसळ फळ्यासमोर. फुकट मात्र तो काही खायचा नाही. घासाच्या बदल्यात सिनेमाची गोष्ट सांगायचा, सगळी पात्रं आवाज बदलून, नायिकेसकट. व्हिलनचं मरण पाहायला चार बाकांवरची मुलं पोळी हातात धरून थांबायची.

१९८२ च्या दिवाळीनंतर त्याचा स्वतःचा डबा यायचा बंद झाला. याबद्दल वर्गात एक शब्द निघाला नाही. झालं एवढंच की आमचे डबे जड व्हायला लागले. मी आईला विचारलं, ‘तीन पोळ्या का?’ तर ती म्हणाली, ‘तू वाढीला लागलायस.’ मग कळलं की आख्खा वर्गच एकदम वाढीला लागला आहे. चाळीतल्या बायकांचं आपसात काही बोलणं झालं असेल, आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्यानंही एक केलं. पूर्वी एका सुट्टीत संपणारी गोष्ट तो आता आठवडाभर चालवू लागला, रोज नेमकी घंटेच्या वेळेला उत्कंठेवर आणून सोडायचा.

खोक्यात त्याच्याविषयी चिठ्ठी निघाली, ‘म्हणतात की आई एकच असते. याला स्वयंपाक करणाऱ्या एकवीस आहेत.’

बाईंनी ती वाचली, दोनदा वाचली आणि गाळात टाकली. आम्ही कोणी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा. आकाशवाणीनं आपलं काम केलं होतं.

‘बाई, माझ्यावरची चिठ्ठी बाद केलीत?’

‘तुला कशाला चौकशी?’

‘ती मीच लिहिली आहे, बाई. एकवीस मोजून लिहिलंय. वाचा.’

बाईंनी पर्समधून तो कागद काढला. अक्षर डावीकडे झुकलेलं, त्याचंच. त्यांनी तो त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘तूच वाच.’

समारंभात त्यानं ती उभं राहून वाचली, रेडिओवर बक्षीस जाहीर करावं तशा आवाजात. क्षणभर वर्ग गप्प झाला, मग जे हसू फुटलं ते शेजारच्या ‘अ’ वर्गातले लोक काय झालं म्हणून बघायला येईपर्यंत. बाई तेवढ्यात फळा पुसायला वळल्या. फळ्यावर रंगीत खडूंनी ‘शुभेच्छा’ लिहिलेलं होतं. त्यातलं निम्मं पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

लोक म्हणतात, फिशपॉन्डनं मनं दुखावतात. दुखावतात, यात शंकाच नाही. बाईंच्या गाळातल्या कित्येक चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत आणि त्या मोठ्यानं वाचल्या गेल्या असत्या तर आज काही माणसं एकमेकांशी बोलत नसती. निनावी लिहायला मिळालं की सोळाव्या वर्षी माणूस फार धीट होतो. त्यामुळे खोक्यापेक्षा चाळणी महत्त्वाची, असं माझं मत आहे. हल्ली निरोप समारंभांत चाळणी धरणारं कोणी असतं की नाही, मला ठाऊक नाही.

समितीला खरी अडचण आली ती वेगळीच. बावन्नपैकी तिघांच्या नावानं एकही चिठ्ठी नव्हती. बाईंचा दुसरा नियम, कोणी रिकाम्या हातानं जायचं नाही. दोघांचं जमलं. तिसरी मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावरची. पाच जणांनी डोकी खाजवली, काही सुचेना. ती उत्तरं द्यायची नाही, चुकायचीही नाही, भांडायची नाही, गॅदरिंगमध्ये भाग घ्यायची नाही. शेवटी समितीतल्या दोन मुलींना काम दिलं, चार दिवस तिच्याकडे नीट बघा. चौथ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, ‘सगळ्या वर्गाचं पेन तीच पुरवते.’ खरोखरच, कोणाचं पेन अडलं की हात मागे जायचा, आणि त्या हातात काहीतरी पडायचं. पेन्सिल, खोडरबर, आखणीची पट्टी, भूमितीच्या तासाला कंपास. आम्ही मागे वळूनसुद्धा बघत नव्हतो. तिला मिळालं ते असं, ‘वर्गाचं स्टेशनरी दुकान. उधारी चालू.’ आमच्या समारंभात सर्वांत जास्त टाळ्या याला पडल्या. ती उभी राहून म्हणाली, ‘माझ्या दोन पट्ट्या यायच्या आहेत.’ तीन वर्षांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा धड ऐकला.

निकाल जूनमध्ये लागला. त्याच महिन्यात, २५ तारखेला, कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला आणि कोणाला किती टक्के पडले हे विचारायचं लोक विसरून गेले, हे आमचं भाग्य. संप मात्र मिटला नाही. तो अधिकृतपणे मागे घेतला असं कधी जाहीरच झालं नाही, नुसता विरून गेला. त्याबरोबर वर्गही विरला. कोणाचं कुटुंब साताऱ्याकडे गेलं, कोणाचं कोकणात, कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला.

२०२३ साली बॅचला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही जमलो. त्याआधी दीड वर्ष मोबाइलवरच्या ग्रुपवर शोधाशोध चालू होती. गंमत अशी की माणसं खऱ्या नावानं सापडत नव्हती. ‘अमुक आडनावाचा’ म्हटलं की शांतता, आणि ‘अरे, अपेक्षित!’ म्हटलं की तीन जणांकडे नंबर. जमलो तिथून पूर्वी तीन गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. आता काचेच्या इमारती दिसतात. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, तिथल्या एका कार्यालयात आमच्यातल्याच एकाची मुलगी नोकरी करते. त्याचे वडील तिथेच साच्यावर होते. ती सकाळी कोणत्या दरवाजानं आत जाते हे तो सगळ्यांना नकाशा काढून दाखवत होता. उशिरा येणारा जेवणं आटोपल्यावर आला. कोणी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘भोंगाच झाला नाही.’

बावन्नपैकी चौघं आता नाहीत. त्रेचाळीस सापडले. पाच जणांचा पत्ता नाही, आणि त्यांत हप्ता आहे. निकालाच्या दिवशी तो गुणपत्रिका घेऊन गेला, सेकंड क्लास मिळाला होता, त्यानंतर त्याला कोणी पाहिलेलं नाही. त्याची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. गाव घाटावरचं एवढंच माहीत.

त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. लागणारही नाही. कुठे कोणाच्या ओळखीत साठीकडे झुकलेला एखादा गृहस्थ असेल, जेवताना ताट सोडून दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणारा आणि त्याबदल्यात सिनेमाची गोष्ट सांगणारा, तर त्याला एवढंच विचारा, तुला स्वयंपाक करणाऱ्या किती? तो आकडा बरोबर सांगेल. मग त्याला सांगा, एकवीसपैकी नऊ जणी अजून आहेत. माझी आई त्यांतली एक.