परसातील फुलपाखरे आणि आपला आचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कापडाच्या व्यापाऱ्याने फुलपाखरांवर काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण आमच्या पेढीचा आणि अळीचा संबंध जुना आहे. रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटर सलग धागा निघतो. तो तुटू नये म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच आतला जीव वाफेने वा कढत पाण्याने मारतात. हे जाणूनच आपल्यातील कित्येक कुटुंबांनी रेशीम वर्ज्य केले आहे. मात्र परसातील लिंबावर अळी दिसताच त्याच घरांत फवारणीचा पंप बाहेर निघतो. ही विसंगती मला अस्वस्थ करते.

फुले लावली की फुलपाखरे येतात, हे अर्धसत्य आहे. सदाफुली, झेंडू, एक्झोरा यांवर ती मधासाठी येतील आणि निघून जातील. ती नांदावी असे वाटत असेल, तर त्यांच्या अळ्यांचे अन्न असणारी झाडे हवीत. मादी पायांनी पानाची चव पारखते व योग्य पानावरच अंडी घालते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर लाइम बटरफ्लायची अळी वाढते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या ब्लू मॉर्मनलाही लिंबूवर्गीय झाडेच लागतात. बहाव्यावर एमिग्रंट, कुंपणालगतच्या उंच आसुपालवावर टेल्ड जे आणि रुईवर प्लेन टायगर. रुईतील विष ही अळी अंगी साठवते, त्यामुळे पक्षी तिला सहसा टाळतात. (रुईचा चीक डोळ्यांस घातक आहे, लहान मुलांना आवर्जून सांगावे.) याखेरीज उन्हाची एक जागा, तेथे एक सपाट दगड आणि थोडी ओली माती असावी. चिखलातील क्षार शोषण्यासाठी नर तेथे येऊन बसतात.

अळ्या झाड खातील, हे उघड आहे. परंतु वाढलेल्या लिंबाला काही आठवड्यांत नवी पालवी येते. रोप कोवळे असेल तर दोन लावावीत; एक घराचे, एक पाहुण्यांचे! कडुनिंबाचा अर्क नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी मानला जातो. पण अळीची वाढ तोही खुंटवतो.

एका श्राविकेने मला विचारले, "पक्षी अळ्या टिपतील, त्याचे पाप बाग लावणाऱ्यास का?" याचा अंतिम निर्णय साधू-साध्वींनी द्यावा. माझ्या अल्पमतीप्रमाणे आपण कोणाला बोलावीत वा डांबीत नाही, केवळ मारण्याचे थांबवतो. मुलांकडून डब्यात अळ्या पाळवून घेण्याची पद्धत मात्र मला मान्य नाही. पान सुकले तर ती मुकी उपाशी मरते. भलते पान ती खात नाही. ठाण्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरे उघड्यावर, स्वेच्छेने येतात. तोच मार्ग आपल्याला साजेसा.

आपले शास्त्र भ्रमर-पतंगांना चतुरिंद्रिय जीव म्हणते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात आणि आपल्यातील पुष्कळजण चातुर्मासात पालेभाजी सोडतात. परसात अळ्यांचा सुकाळही याच महिन्यांत असतो. ताटातली भाजी जिवांसाठी सोडायची आणि परसात त्याच जिवांवर विष शिंपडायचे, हा कुठला हिशेब?

म्हणून विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. धर्मशाळेमागील मोकळ्या पट्टीतील फवारणीचे वार्षिक कंत्राट यंदा पुढे चालू ठेवू नये. तेथील पालापाचोळा जाळू नये, कारण त्यात कोश असू शकतात. लिंबू, कढीपत्ता व बहाव्याची रोपे मी देईन. रुई विकत आणावी लागणार नाही. ती तेथे आपोआप उगवते, माळीबुवांनी ती उपटली नाही म्हणजे झाले.

जय जिनेंद्र.