लेकीची छोटी मोटोक्रॉस गाडी



शेळी, शिलाई मशीन, शाळेची फी यांसाठी कर्जाचे अर्ज आमच्या बचत गटात नेहमीच येतात. गेल्या महिन्यात एका ताईंनी मात्र दहा वर्षांच्या लेकीसाठी ६५ सीसीची जुनी मोटोक्रॉस गाडी घ्यायला कर्ज मागितलं. पोरगी वर्षभर ट्रॅकवर भाड्याच्या गाडीवर शिकतेय. "पोरीच्या जातीला कशाला हे?" असं दोघी-तिघी म्हणाल्याच. तेव्हा आमच्या वयस्कर अध्यक्ष म्हणाल्या, "मुलगा असता तर हे विचारलं असतं का? आधी माहिती काढा." ती माहिती आज तुम्हाला सांगते.

टू-स्ट्रोक आपल्याला नवं नाही. आपली पुण्याची लुना टू-स्ट्रोकच होती. आई पंपावर पेट्रोलमध्ये ऑईल घालून घ्यायची, आठवतं ना? या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल पेटतं. व्हॉल्व्हचा पसारा नसतो, म्हणून इंजिन लहान, हलकं आणि जोरकस. पण पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. पुस्तिकेत ४० ला १ प्रमाण दिलं असेल, तर एका लिटरला २५ मिली ऑईल मोजून घालायचं. विसरलात तर इंजिन जाम! शिवाय रेसिंग इंजिनाचं आयुष्य किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. ठरावीक तासांनी पिस्टन, रिंग बदलावी लागते. जुनी गाडी घेताना हा खर्च आधी विचारा.

दुसरं, माप. ५० सीसीच्या छोट्या गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत. ६५ ला हाताचा क्लच आणि गिअर असतात. त्यानंतर ८५. वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तशी मोठी गाडी घेऊ नका. सीटवर बसल्यावर मुलीचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि पडलेली गाडी तिला सावरता आली पाहिजे.

तिसरं, ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. तिला ना दिवे, ना नंबर प्लेट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी टेम्पोतून ट्रॅकवर न्यायची आणि प्रशिक्षकासमोरच चालवायची.

याच २०१९ मध्ये बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने बाजा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. हे सांगितल्यावर बैठकीतली कुजबुज थांबली.

आम्ही कर्ज मंजूर केलं, पण एका अटीवर. पहिल्या पैशातून हेल्मेट, गॉगल, छातीचं कवच, गुडघ्याचे पॅड आणि बूट घ्यायचे. गाडी त्यानंतर. ताई लगेच म्हणाल्या, "मीही तेच म्हणणार होते."

पावत्या पुढच्या बैठकीत येतील, तेव्हा हेल्मेटची पावती आम्ही सगळ्यात आधी बघू.